आडवा छेद वर

माझी ताई कापड कापायची. युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात, कटिंगच्या टेबलावर तिची उमेदीची वर्षं गेली, आणि कात्री चालवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरी आली की तोच हात बागेत. आमच्या दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीलगत तिचा हॉर्सरॅडिशचा वाफा होता. मुळ्याच्या नात्यातलंच हे, पण महा तापट. किसायला घेतलं की नाकातून थेट टाळूत जातं. भावोजी म्हणायचे, "मेहुणीबाई, हे तुमच्यावर गेलंय." मी कुठली ऐकून घेतेय? "मग जपून चावा," मी म्हणायचे.

हॉर्सरॅडिशचं बी नाही पेरत, मुळाचे वीतभर तुकडे लावतात. कापून पडलेल्या तुकड्याचं वरखाली काही कळत नाही, म्हणून ताईची खूण ठरलेली: वरचा छेद आडवा, खालचा तिरका. लावताना आडवा वर. उलटं लावलं तर कोंब बिचारा मातीतच वळसे घालत बसतो. लग्नानंतर तिनं भावोजींनाही हे शिकवलं. त्यांचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान, माती कधी हाताला लागलेली नाही. लावलेलं पुन्हा पुन्हा उपटायला लावायची. "अहो, आडवा वर. किती वेळा सांगू?"

मग एका वर्षी वाफ्यात काही उगवेना. भावोजींनी उकरून पाहिलं, तर सगळे तुकडे उलटे. ते मातीच्या हातांनी तसेच भिंतीपाशी आले. "हिच्या हातून असं होणार नाही हो," एवढंच म्हणाले. ताई दूध उतू घालवायची, माझं नाव विसरायची, ते आम्ही वयावर ढकललं होतं. हे कशावर ढकलणार?

डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला. हळूहळू माणसंही विसरतील म्हणाले. मी म्हटलं, "भावोजी, आता वाफा तुम्हीच बघा." ते चिडले, जन्मात पहिल्यांदा माझ्यावर. "बाकी सगळं जातंय तिचं. हे एक तरी तिच्याकडे राहू दे."

त्यानंतरच्या हंगामात सकाळी ताई लावायची, आणि दुपारी तिचा डोळा लागला की भावोजी गुपचूप एकेक तुकडा सुलटा करायचे. वरची माती होती तशी थापायचे. मुळं निघाली मनगटाएवढी. ताईनं भिंतीवरून एक मला दाखवलं. "बघ, माझ्या हातचं." मागे भावोजी हसत उभे. मला मेलीला किसायच्या आधीच रडू आलं.

यंदा थंडी सरल्यावर तिनं पुन्हा लावलं. दुपारी मी भिंतीशी कपडे वाळत घालत होते, भावोजी वाफ्यात उकिडवे बसले होते. ताई लवकर जागी झाली. मागच्या दारात येऊन सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कोण हो तुम्ही? माझ्या वाफ्यात काय करताय?"

ते उठले. "अगं, मी..."

ती घाबरून मागे सरकली, घराकडे तोंड करून तिनं हाक मारली. "अहो, जरा बाहेर या ना. कुणीतरी शिरलंय."

जन्मभर त्यांनाच मारलेली हाक. ते समोर उभे, आणि ती त्यांना घरातून बोलावत होती. काय करावं माणसानं? भावोजी बाजूच्या बोळातून पुढे गेले, नळावर हात धुतल्याचा आवाज आला, आणि दुकानात घालायचा कोट चढवून ते घरातून मागच्या दारी आले.

"काय गं, काय झालं?"

ताईच्या जिवात जीव आला. तिनं त्यांचा दंड धरला. "कुठे होता हो? एक माणूस आला होता वाफ्यात."

"काही नेलं का?"

"नाही." ती वाफ्याकडे बघत राहिली. "तुकडे लावत होता. आडवा छेद वर ठेवून, अगदी नीट. चांगलं शिकवलंय हो त्याला कुणीतरी."

भावोजी "हो" म्हणाले.