वरातीसाठी बांधलेली गिटार

“ताई, बाकी समदं नवं लावा. पन हा एक जुना ठेवता येते का पाहा,” असं म्हणत गजूभाऊंनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्या टेबलावर सोडली. आत त्यांच्या जुन्या गिटारचा पिकअप, म्हणजे तारांखाली बसणारा भाग, होता. प्लास्टिक तडकलेलं, आणि एका भोकात स्क्रूच्या जागी आगपेटीची काडी खोचलेली. मला हसू आलं, ते मी कसंबसं आवरलं.

मी बोरगाव मेघेत घराच्या पुढच्या खोलीत इलेक्ट्रिक गिटार बांधते. त्याआधी एका कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये नोकरी केली. त्या नोकरीने मला सोल्डरिंगचा हात दिला आणि घरघरीचा तिटकारा दिला. स्पीकरमधून गाण्याच्या आधी जी ‘घूंऽऽ’ येते, ती ऐकली की माझं डोकंच उठतं. नवरा म्हणतो, हिला फ्रिज चालू झालेलाही खपत नाही. त्यात खोटं काही नाही.

गजूभाऊ सेलूचे. धुमाल पार्टीत गिटार वाजवायचे. धुमाल म्हणजे आमच्याकडे वरातीपुढे चालणारी गाडी. गाडीवर ढोल, ताशे, पॅड, चारी बाजूंनी भोंगे, मागे जनरेटर आणि पुढे रस्त्यावर नाचणारे वऱ्हाडी. बहुतेक पार्ट्यांत बेंजो नाही तर कीबोर्ड असतो. गजूभाऊंच्या पार्टीत गिटार होती, म्हणून लोक ‘गिटारवाली धुमाल’ मुद्दाम मागायचे. पण त्या जुन्या गिटारची मान वाकली होती आणि सूर काही केल्या टिकत नव्हता.

“सीझनच्या आत पायजे, ताई. मुन्नाभाऊ कीबोर्ड आनतो म्हनून राह्यले. गिटार गेली म्हंजे गाडीच्या तोंडावर उभं राहाची माही जागा गेली.”

मुन्नाभाऊ हे पार्टीचे मालक. सेलूला त्यांचं मंडप डेकोरेशनचं दुकान आहे.

आम्ही एकेक पार्ट ठरवायला बसलो. बॉडीसाठी मी शिवणीचं लाकूड सुचवलं. ते हलकं असतं आणि सहसा वाकत नाही. गजूभाऊंना सागवान हवं होतं, कारण सागवान म्हटलं की लोक मान डोलावतात. मी म्हटलं, “खांद्यावर घेऊन उभं तुम्हाला राहायचंय, लोकांना नाही.” ते पटलं. मानेत दोन ट्रस रॉड घेतले. ट्रस रॉड म्हणजे मानेच्या आत घातलेली लोखंडी सळई, जी मानेला तारांच्या ताणाने वाकू देत नाही. आमच्या मे महिन्यातल्या उन्हाचा विचार करता एकावर माझा भरवसा नव्हता. खुंट्या लॉकच्या घेतल्या, म्हणजे कितीही ओढाताण केली तरी तार सरकणार नाही. इथपर्यंतचा एकही पार्ट चुकला नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

राहिला पिकअप. तारेचं कंपन पकडून त्याची वीज करतो तो हा भाग, गिटारचा गळाच म्हणा ना. गजूभाऊंचा जुना पिकअप एका गुंडाळीचा होता. त्याला सिंगल कॉइल म्हणतात. त्याचा आवाज पातळ आणि टोकदार, शिवाय तो आजूबाजूच्या विजेची घरघरही पकडतो. दुसरा प्रकार दोन गुंडाळ्यांचा, हंबकर. त्यात दोन्ही गुंडाळ्या एकमेकींची घरघर मारतात. आवाज गोल आणि भरदार येतो.

मी दोन्ही आळीपाळीने जोडून दाखवले. आधी जुना. खोलीभर घूंऽऽ सुरू झाली आणि तिच्यावर गजूभाऊंची किनरी तान. मग हंबकर जोडला. घरघर थांबली. माझ्या चांगल्यातल्या अ‍ॅम्प्लिफायरवर त्यांनी एक जुनी, संथ चाल वाजवली. शेवटचा सूर हवेत राहिला आणि हळूहळू विरला. गजूभाऊ डोळे मिटून बसून राहिले.

“एवढी वर्सं वाजवून राह्यलो, ताई,” ते म्हणाले, “पन मले माहाच आवाज असा कधी आयकू आला नाई.”

मग त्यांनी जुना पिकअप स्वतःच रुमालात गुंडाळला. “हा असू द्या तुमच्यापाशी.”

मीही खूश होते. खोटं कशाला बोलू, माझ्या हातून इतकी सुरेल गिटार त्याआधी झालेली नव्हती. आम्ही दोघंही त्या आवाजाच्या प्रेमात पडलो होतो, आणि ते प्रेम खिडक्या लावलेल्या खोलीत जुळलं होतं.

सीझनच्या पहिल्याच वरातीला गजूभाऊंनी मला आग्रहाने सेलूला नेलं. ढोल सुरू झाले, ताशे कडाडले. गजूभाऊ गाडीच्या तोंडावर उभे राहिले, नवी गिटार झळकत होती. त्यांचा हात चालत होता. ऐकू काहीच येत नव्हतं.

“अरे गजू, बजा ना!” मुन्नाभाऊ खालून ओरडले.

“वाजवूनच तं राह्यलो!”

मी गाडीवर चढले. व्हॉल्यूम वाढवला, तर भोंगा शिट्टी मारायला लागला. ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, पूर्ण वर नेली. तरी गिटार ढोलाच्या खालीच. कारण मला तिथल्या तिथे कळलं. भोंगा भरदार आवाज बाहेर टाकतच नाही, तो फक्त टोकदार आवाज फेकतो. आम्ही निवडलेला सगळा गोलावा भोंग्यातच अडकत होता, आणि उरलेलं थोडंफार ढोल खात होते. जुना पिकअप याच भोंग्यातून सुईसारखा आरपार यायचा. राहिली घरघर, तर तिथे जनरेटरच एवढा धडधडत होता की तिची दखल घेणार कोण?

नाचणारी पोरं थांबून गाडीकडे पाहायला लागली. नवरदेवाचा मामा मुन्नाभाऊंशी हातवारे करून बोलत होता. शेवटी गजूभाऊंनी गिटार गळ्यातून काढली आणि ताशा धरला. मला गाडीवरून उतरताना पाय कुठे ठेवावा ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते गिटार घेऊन आले. मी सोल्डरिंग गन तापवून ठेवली होती. जुना पिकअप परत बसवणं काही अवघड काम नव्हतं. त्याआधी मी मुन्नाभाऊंना फोन लावला.

“मुन्नाभाऊ, चूक कळली आहे. आज दुरुस्त करून देते.”

“ताई, तुमच्यावर राग नाई,” मुन्नाभाऊ म्हणाले. “पन कीबोर्ड आ गया. सकाळीच आनला. सीझनमध्ये मी परत रिस्क नाई घेत. गजूले मी काढून नाई राह्यलो, कीबोर्ड तोच वाजवन.”

फोन स्पीकरवर होता. गजूभाऊंनी सगळं ऐकलं. मी तरीही स्क्रूड्रायव्हर उचलला. त्यांनी माझा हात अडवला.

“आता कायले काढता? राहू द्या. घरी वाजवीन.”

मी पुष्कळ समजावलं. पुढच्या सीझनला मुन्नाभाऊंचं मन वळवू म्हटलं. ते गिटार कव्हरमध्ये घालून निघून गेले. जुना पिकअप माझ्याच ड्रॉवरमध्ये राहिला.

परवा आमच्या रस्त्यावरून वरात गेली. लांबूनच गिटार ऐकू आली, पातळ, टोकदार, ढोलांना चिरत येणारी. मी हातातलं काम टाकून धावत बाहेर गेले. गाडीच्या तोंडावर लाइटांची कमान होती. गजूभाऊ मागे, जनरेटरपाशी खुर्चीवर बसून कीबोर्ड वाजवत होते. त्यात गिटारच्या आवाजाचं बटण असतं, ते दाबलेलं होतं. आवाज थेट त्यांच्या जुन्या गिटारचा.

वरात चौकात थांबली तेव्हा ते उतरून पाणी प्यायला आले. मी विचारलं, “गिटार वाजवता ना?”

“वाजवतो नं, रोज. लय गोड वाजते, ताई.” त्यांनी ग्लास खाली ठेवला. “पन घरी कोन नाचते?”

त्यांना तिकडून हाक आली आणि ते गेले. हल्ली गिऱ्हाईक पिकअप निवडायला बसलं की मी आधी त्याला घेऊन त्याच्या वाजवण्याच्या जागी जाते. खोलीत सगळंच गोड वाजतं.