मिलचं मीठ

आमच्याकडे मीठ कुणाच्या हातावर देत नाहीत. वाटीत घालायचं, वाटी जमिनीवर ठेवायची, मग समोरच्यानं ती उचलायची. हातावर दिलं की दोन घरांत भांडण लागतं, असं आई म्हणायची. त्या दिवशी मी ही रीत पाळली. तेवढीच पाळली.

तेव्हा आम्ही सुरतेत डिंडोलीला राहायचो. पत्र्याच्या पाच खोल्यांची ओळ, पाचही खोल्यांत खानदेशातली माणसं. मी प्रोसेस मिलमध्ये होतो, म्हणजे जिथे साड्यांचं कापड धुतात, रंगवतात, छापतात तिथे. माझं काम कलर रूममध्ये, रंग कालवायचं. शेजारच्या खोलीत एक जोडपं आणि नवऱ्याची म्हातारी आई. तो लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कापड विणायला, जायचा. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो, ती मला भाऊ. म्हातारीला सगळी ओळ आजी म्हणायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जूनच्या सुरुवातीला रेडिओ सांगू लागला की समुद्रात वादळ उठलंय आणि ते गुजरातच्या किनाऱ्याकडे येतंय. दुकानात, नळावर सगळे एकच शब्द बोलायचे, वावाझोडुं. आम्हाला पुराची सवय होती. तापी चढली की सामान माळ्यावर टाकायचं, एवढं कळत होतं. पण वादळात म्हणे पत्राच उडतो. मग वर ठेवून काय उपयोग, आणि खाली ठेवून तरी काय?

आजी बाजेवर बसून म्हणाली, "वारा येई, जाई. त्याले काय भ्यानं?"

"तुम्हाला काय, आजी," वहिनी म्हणाली, "वारा आला तरी तुम्हाला चहा लागणारच."

"लागी ना मंग," आजी म्हणाली.

पगाराला दहा दिवस होते. माझी बायको म्हणाली, विकत काही आणायचं नाही, घरात आहे तेच नीट ठेवायचं. तिनं आणि वहिनीनं दोन दिवसांत जे केलं ते मला आजही तसंच्या तसं दिसतं. मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे वितळवून कान तुटलेल्या कपात ओतले, मध्ये सुताची वात. काडेपेट्या तांदळाच्या डब्यात पुरल्या, दमट होऊ नयेत म्हणून. रेशनकार्ड साडीच्या पॅकिंगच्या पिशवीत घातलं आणि पिशवीचं तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवलं. दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीच्या, भाकरी पातळ थापून तव्यावर कडक वाळवल्या, त्या आठ दिवस टिकतात. उन्हाळ्यात केलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, होत्याच. नुसत्या भाजून शेंगदाण्यांबरोबर खाल्ल्या तरी एक वेळ निघते. साडीच्या काठाच्या कापून टाकलेल्या पट्ट्या मी मिलमधून आणल्या, त्यांचे दोर वळले, आणि शेजाऱ्यानं नि मी मिळून पत्रे खिडक्यांच्या गजांना बांधले. पाण्यासाठी हंडे, कळश्या, बादल्या, परातीसुद्धा भरल्या. वहिनीकडे एक मोठा प्लॅस्टिकचा कॅन होता. त्यात पूर्वी रॉकेल असायचं. तिनं तो चिंच लावून घासला, राखेनं घासला, उन्हात ठेवला, परत घासला. मग भरला.

"सगळं जमलं, भाऊ," ती म्हणाली. "मीठ तेवढं राहिलं. दुकानदार देतच नाही. मिठागरं बुडणार म्हणतो, दाबून बसलाय. आणि आमच्या आजीला आळणी चालत नाही. रुसलेल्या जावयासारखं ताट सरकवते."

मी म्हणालो, "मिठाचं काय घेऊन बसलात. मिलमध्ये पोत्यानं पडलंय."

हे मी ऐटीत म्हणालो. ऐट मारायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

मिलमध्ये मीठ असतं हे खरं आहे. कापडावर रंग चढायला रंगाच्या पाण्यात मीठ घालावं लागतं. कलर रूममधला प्रत्येक जण कधी ना कधी मूठभर मीठ घरी न्यायचा. घरी पाण्यात विरघळवून, फडक्यानं गाळून, आटवलं की नेहमीसारखं. याला कुणी चोरी म्हणत नव्हतं, पण गेटवर सापडलं तर काम जायचं. आणि एक नियम होता, कुणी न सांगता सगळ्यांनी पाळलेला. कलर रूममध्ये अनेक पोती असतात, त्यातल्या दोन-तीन पोत्यांतलं पांढरं एकमेकांसारखंच दिसतं. त्या सगळ्यांना आम्ही मीठच म्हणायचो, पण खाण्याचं त्यातलं एकच. त्यांची खरी नावं लांबलचक होती, पुढे काहीतरी लागायचं, ते आमच्या तोंडी कधीच गळून पडलं होतं. हे मीठ घाल, ते मीठ घाल. म्हणून घरी न्यायचं असेल तर आधी चिमूटभर जिभेवर ठेवायची, थुंकायची, मग पिशवीत भरायचं.

त्या दिवशी दुपारी मी कोपऱ्यातल्या पोत्याशी बसलो आणि मागे सुपरवायझरच्या चपला वाजल्या. तो आत यायच्या आत मी दोन पिशव्या भरल्या, कमरेला खोचल्या, उठलो. जीभ लावली नाही. पोत्यावर हिरवी अक्षरं होती. आमच्या नेहमीच्या पोत्यावर निळी असायची. हिरवी अक्षरं मी पाहिली, हे मला नंतर आठवलं. पाहिली होती म्हणूनच आठवलं.

एक पिशवी मी वहिनीला दिली. तिनं हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. हसून म्हणाली, "हातावर नको, भाऊ. भांडण होईल आपलं." मी पिशवी उंबऱ्याशी ठेवली. तिनं उचलली. गाळायला, आटवायला वेळ कुणाला होता? आमच्या बरणीत जुनं मीठ अर्धं होतं. बायको म्हणाली, आधी ते संपू दे. म्हणून आम्ही वाचलो. एवढंच कारण.

वादळ आमच्यावर आलंच नाही. ते दुसरीकडे गेलं, सुरतेला त्याची शेपटी लागली. दिवसभर वारा, तिरका पाऊस, वीज गेली. पलीकडच्या ओळीतले दोन पत्रे उडाले, आमचे पट्ट्यांच्या दोरांनी धरून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बाहेर येऊन एकमेकांचे पत्रे बघत हसत होतो. आजी म्हणाली, "मी काय बोलनू व्हतू?" शेजारी आदल्या दिवसापासून लूमवरच अडकला होता. रस्त्यावर पाणी होतं.

दुपारी वहिनीनं खिचडी केली. आजीला आधी वाढलं. स्वतः पातेल्यात उरलेली खरवड खाल्ली.

तीनच्या सुमारास तिनं आमची भिंत ठोकली. मी गेलो तर आजी जमिनीवर होती. उलटी झाली होती. चेहऱ्याचा रंग माणसाच्या चेहऱ्याचा नव्हता. मी रोज कालवायचो त्या रंगांपैकी एक होता, निळसर राखाडी. वहिनी भिंतीला टेकून उभी होती, तिलाही उभं राहता येत नव्हतं. मी आजीला उचललं. इतकी हलकी होती की मी दचकलो. गुडघाभर पाण्यातून मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो, बायकोनं वहिनीला धरलं, तिथे रिक्षा मिळाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी आजीच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि विचारलं, "शुं खाधुं हतुं?" काय खाल्लं होतं. वहिनीला बोलता येईना. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मला हिरवी अक्षरं दिसली.

माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. मिलमधलं पांढरं, मी आणलं. मग मिलचं नाव विचारतील, तिथे फोन जाईल, गेटवर माझं नाव कळेल. हे सगळं माझ्या डोक्यात एका श्वासात आलं, आणि त्याच श्वासात मी म्हणालो, "पाण्यानं झालं असेल, साहेब. रॉकेलच्या कॅनमध्ये पाणी भरलं होतं."

गप्प राहिलो असतो तरी वेगळं झालं असतं. मी गप्प राहिलो नाही. मी बोट दाखवलं.

डॉक्टरांनी पाण्याचे, रॉकेलचे उपचार केले. वहिनी दोन दिवसांत उठली. आजी दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. खरं सांगितलं असतं तर ती वाचली असती का, हे मी कुणाला कधी विचारलं नाही, कारण उत्तर हो आलं तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी मी दवाखान्यातून एकटा घरी आलो होतो. बायको वहिनीपाशी थांबली होती. मी वहिनीच्या खोलीतली पिशवी उचलली, आमची उचलली, दोन्ही मागच्या गटारीत रिकाम्या केल्या. पातेलंही घासून टाकलं. बायकोनं नंतर विचारलं तेव्हा म्हणालो, ओलं झालं होतं, टाकलं. तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. परत विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

तेराव्यापर्यंत ओळीत आणि गावाकडे एकच गोष्ट पसरली. सुनेनं रॉकेलच्या कॅनमधलं पाणी पाजून सासूला मारलं. कुणी म्हणालं निष्काळजीपणा, कुणी म्हणालं मुद्दाम. नणंदा आल्या, त्यांनी तो कॅन दारात आणून ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. वहिनी म्हणत राहिली, मी पाच वेळा घासला होता. मी तिथेच, माझ्या दारात उभा होतो. महिन्याभरात नवऱ्यानं तिला अमळनेरजवळ माहेरी पोचवलं. परत आणायला तो गेलाच नाही.

त्यानंतर पंचवीस वर्षं मी स्वयंपाकघरात मिठाला हात लावला नाही. आळणी असलं तरी तसंच खाल्लं. बायकोला वाटायचं मला रक्तदाब आहे.

मागच्या उन्हाळ्यात सुरतेहून एकटाच एका लग्नाला अमळनेरला गेलो आणि तिथून, घरी न सांगता, तिच्या माहेरच्या गावी. भावाच्या अंगणात ती खाटेवर बिबड्या वाळत घालत होती. केस पांढरे झाले होते. मला तिनं लगेच ओळखलं. "भाऊ," म्हणाली. पाणी दिलं. मी पाणी न पिताच सगळं सांगितलं. पोतं, अक्षरं, चपला, दवाखाना, गटार. काहीच ठेवलं नाही.

तिचा हात ओल्या बिबडीवर तसाच राहिला. मला वाटलं होतं शिव्या देईल.

"त्या दिवशी खिचडीला मीठ लागतच नव्हतं," ती म्हणाली. "आजींनी घास घेतला आणि म्हणाल्या, आळणी शे. मी परत घातलं. पुन्हा म्हणाल्या, आळणी. मी पुन्हा घातलं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तिसऱ्यांदा त्यांनी खाल्लं. मला वाईट वाटू नये म्हणून."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला सगळं माहीत आहे असं धरून चाललो होतो.

ती उठली, आत गेली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. परत आली ती मूठ मिटूनच. म्हणाली, "हात पुढे करा."

मी केला. तिनं माझ्या तळहातावर मीठ ठेवलं. वाटीत नाही, जमिनीवर नाही, हातावर. मग माझी बोटं एकेक करून मिटवली, जशी लहान पोराची मिटवतात, आणि परत खाटेपाशी जाऊन बिबड्या उलटायला लागली.

एस. टी. सुरतेला लागली तेव्हाही माझी मूठ मिटलेलीच होती. घामानं मीठ पाणी झालं होतं. घरी बायको दार उघडून म्हणाली, "हातात काय आहे?"

मी तिला सांगायला बसलो.