मंगलबाईंच्या निरोप समारंभातलं माझं भाषण

परवा आमच्या अंगणवाडीच्या मंगलबाई रिटायर झाल्या. मारुतीच्या देवळापुढं निरोप समारंभ ठेवला होता. मंडप सोनईहून आणलेला, खुर्च्यांना कव्हरं... आणि पेढे असे झकास की मी शुगर विसरून दोन खाल्ले. सूनबाई हे वाचणारच आहे, वाचू दे.

मंगलबाई आधीच घरी येऊन सांगून गेल्या होत्या, "आक्का, माझ्यावर तुमीच बोलायचं. सायेब लोक नुसता कागद वाचत्यात."

आता माझी शाळा चौथीपर्यंत. पण ग्रामपंचायतीत मेंबर होते तेव्हा माईकवर बोलायचे, ते पण जास्त करून दशक्रियेला. आपल्याकडं दहाव्याला घाटावर भाषणं होतात ना, तिथं बायांच्या वतीनं मीच उभी राहायचे.

मग आमचे हेच गेले... त्या दिवशी दुसरे बोलले, मी ऐकत बसले. तेव्हापासून माईक नको वाटायला लागला तो लागलाच.

म्हणून परवा धास्तीच होती. आवाजच फुटला नाही तर? मंगलबाईंचा एवढा मानाचा दिवस, तो माझ्यामुळं फुकट जायचा.

नाव पुकारलं. उठले, खाकरले आणि काय सांगू... आवाज आला की! अगदी पहिल्यासारखा खणखणीत. मंगलबाई उसाच्या फडातनं पोरं कडेवर आणून डोस कशा पाजायच्या, रडकं पोर काखेत धरून खिचडी कशी ढवळायच्या, सगळं आठवत गेलं. बाया डोळे पुसायला लागल्या. मग तर मला चेवच चढला.

त्याच भरात हात वर करून म्हणाले, "अशा या मंगलबाईंच्या आत्म्यास ईश्वर चिरशांती देवो!"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मागच्या रांगेतली म्हातारी माणसं तर सवयीनं हात जोडून उभीसुद्धा राहिली!

तेवढ्यात माझी धाकटी जाऊ ओरडली, "आक्का, आता कावळा पन बोलवा की!" झालं... जो हशा पिकला तो थांबेना. मी आपली माईक धरून तशीच उभी. तोंड कुठं लपवावं कळेना.

मंगलबाई खुर्चीतून उठल्या. "बसा वो बसा, मी हाय अजून," असं मागच्यांना म्हणाल्या आणि येऊन माझा हात धरला. हसत पण होत्या, रडत पण होत्या.

"आक्का, लई बरं झालं," म्हणाल्या. "ह्येच माझ्या दहाव्याला बोलला असता, तर मला कुटं ऐकू येनार हुतं?"

घरी आल्यापासून तेच डोक्यात फिरतंय. घाटावर मी किती माणसांचं तोंड भरून कौतुक केलं, एकानंही ऐकलं नाही. ऐकून वर हात धरणाऱ्या मंगलबाई पहिल्याच.

आता माईक सोडत नाही मी. पुढचा नंबर जाऊबाईचा, तिला समोर बसवून बोलणार आहे... फक्त शेवटचं वाक्य तेवढं नातीकडून पाठ करून घेते.