फुटलेले चोपन्न

खाणीत त्यांना सगळे ठोकळेबुवा म्हणत. जमिनीखाली छत तोलून धरायला कोळशाचेच जाड खांब सोडतात ना, त्यांतून काढलेले मोठाले तुकडे बुवांकडे यायचे. करवतीने त्यांचे मुठीएवढे चौकोनी ठोकळे करून प्रयोगशाळेत पाठवायचे, की तिथे यंत्रात दाबून बघत, किती भार सोसतात ते. तीस वर्षांत बुवांचा एक ठोकळा वाकडा कापला म्हणून परत आला नाही, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

आता माणसाने आंधळं असावं, पण किती! कापताना फुटलेल्या कोळशाचा ढीग रोज पायाशी पडायचा आणि बुवा तो झाडून टाकायचे. परवा धाकटा भाऊ खाली ज्या विभागात खपायचा, तिथला माल आला. खांब जुने, उंच, पाणी मुरलेले, मधून चिकणमातीचा थर. तेच चारही बाजूंनी तासून आणखी कोळसा काढायचा घाट घातला होता. साठ तुकड्यांतून जेमतेम सहा ठोकळे धड निघाले. झाडू हातात घेतला आणि बुवांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यंत्राखाली जातो तो फक्त टिकलेला कोळसा. भुगा झालेल्याला विचारतोय कोण? पण खांब तर दोन्हींचा! बुवांनी झाडू टाकला आणि भुगा पोत्यात भरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी भुग्याचं पोतं त्यांनी थेट प्रयोगशाळेच्या साहेबांपुढे नेऊन ठेवलं. "साहेब, खांब असा आहे."

साहेब भला माणूस, ओरडला नाही. "बुवा, भुगा यंत्रात ठेवू कसा?"

"मग चोपन्न फुटले, एवढं तरी लिहा."

साहेबांनी निकालाचा कागद उलटसुलट करून पाहिला. "तसा रकानाच नाही हो."

सहाच्या सहा ठोकळे पास झाले आणि खांब तासायचा हुकूम निघाला. झक मारली आणि इतके सुबक कापले, म्हणून बुवा स्वतःलाच शिव्या घालत राहिले.

सकाळी पाळीवर निघालेल्या भावाला त्यांनी दारातच धरलं. "जाऊ नकोस रे. चोपन्न फुटले, माझ्या हातात फुटले. जीव थाऱ्यावर नाही माझा."

भावाने बुटाची नाडी आवळली. त्यांच्या पाठीवर थोपटून मायेनं म्हणाला, "दादा, वय झालं तुझं. हात थरथरत असतील, म्हणून फुटले."

बुवांनी हात पुढे धरले. जरा म्हणून हलत नव्हते. "हे बघ," ते म्हणाले, पण भाऊ गल्लीचं वळण घेऊन गेलासुद्धा होता.