दोनदा लिहिलेलं ‘हो’

आमच्या वन्सं सरकारी इस्पितळात कृत्रिम पाय बनवतात. यंदा त्यांना कार्यशाळेची प्रमुख करायचं चाललं आहे. त्यासाठी आलेल्या फॉर्मात एक प्रश्न होता: सीमेपलीकडच्या देशात कोणी ओळखीचं आहे का?

आहे ना! वीस वर्षांपूर्वी वन्सं परदेशी प्रशिक्षणाला गेल्या, तेव्हा खोलीत सोबतीला तिकडचीच एक कारागीर होती. अजूनही एखादा गुडघा नीट वाकेना, की वन्सं तिलाच फोन लावतात.

“‘नाही’ लिही आणि मोकळी हो,” हे म्हणाले. खरं सांगते, मीही तेच म्हटलं.

“वहिनी, रोज तासभर देवापुढे बसता आणि मला खोटं लिहायला सांगता?”

हे चिडले. “अगं, तिथे लष्कराचं राज्य आहे!”

“ते मला नको सांगूस, दादा. त्या वर्दीवाल्यांनी तिच्या भावाला दोन वर्षं डांबून ठेवलंय. त्यांना मी तुझ्याहून जास्त शिव्या घालते.”

आणि त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, ‘हो, मैत्रीण आहे.’

आज इस्पितळातल्या कारकुनानं दुसरा कोरा फॉर्म पुढे केला. “ताई, विचार करा. पद जाईल.”

“आण इकडे. त्यावरही हेच लिहीन,” म्हणाल्या, आणि लिहिलंही.

पद गेलं तर जाऊ दे. संध्याकाळी मी देवापुढे त्या परक्या बाईच्या भावाच्या सुटकेसाठी हात जोडले. हे बाहेर बसले होते, म्हणून मुद्दाम मोठ्यानं म्हटलं.