एकाच घरची पिसं

बायकोला नाही, आईला नाही, रोज सोबत चहा पिणाऱ्या मित्रांना तर नाहीच. हे मी आजवर कुणाजवळच बोललो नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. माझं जे काही नाव आहे ते तितरांमुळे. बीड जिल्ह्यातल्या रानतितरांची रोगाशी लढणारी जनुकं जवळपास एकसारखी झालीत, एखादी साथ आली तर सगळे एकदम जातील — असं मी पीएचडीत सिद्ध केलं. म्हणजे तसं छापून आलं.

काम साधं होतं. गेवराईपासून परळीपर्यंत बांधाबांधानं हिंडायचं, तितरांची गळालेली पिसं उचलायची आणि पाकिटावर गावाचं नाव घालायचं. पिसाच्या मुळातून जनुकं वाचता येतात. पण माझी पिसं उन्हानं-दवानं खराब झालेली. त्यांतून काही निघेना. दोन हंगाम पाण्यात गेले. मुदत संपत आली — आणि मला उमापूरचे शेतकरी नामदेवतात्या आठवले. कापणीत त्यांना तितराचं घरटं सापडलं होतं. अंडी त्यांनी घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली, आणि त्या पिलांचा गोतावळा पुढे खुराड्यातच वाढला.

“घ्या की, लई पिसं हायती,” तात्या म्हणाले. “पन येकाच घरची हायती बगा समदी.”

ऐकलं मी. नीट ऐकलं. आणि घरी येऊन तीच पिसं वेगवेगळ्या गावांच्या पाकिटांत भरली. भावंडांची जनुकं सारखी निघाली, यात नवल ते काय? माझे मार्गदर्शक मात्र जाम खूश झाले.

इथंच थांबलं असतं तर... नाही, इथवरही वाईटच होतं. पण मला खातं ते पुढचं आहे.

काही वर्षांनी वैशाली माझ्या हाताखाली पीएचडीला आली. पोरगी चिवट. उजाडायच्या आत बांधावर जाऊन बसायची, तितर धुळीत लोळून गेले की ताजी पिसं उचलायची. एक दिवस ती कागद घेऊन माझ्या खोलीत आली. तिच्या तितरांत गावागणिक फरक होता, भरपूर.

“सर, तुमच्या पिसांत तर असं काहीच नव्हतं. माझं कुठं चुकलं असंल?”

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणालो? “तुझी पाकिटं मिसळलीत.”

तिनं आणखी एक हंगाम काढला. तोंड उन्हानं रापलं, पायात काटे मोडले. उत्तर तेच आलं. ते येणारच होतं, मला ठाऊक होतं — आणि तरी तिच्या अहवालावर मी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘नमुने विश्वासार्ह नाहीत.’ तिनं काम सोडलं.

त्यानंतर मी पीएचडीतल्या माझ्याच खोट्या तक्त्यात कोंडून पडलोय. दरवर्षी पोरांना तोच फळ्यावर काढून दाखवतो. कुठल्याशा समितीवर घेतात, व्याख्यानाला बोलावतात. खरं सांगून ज्या दारानं बाहेर पडायचं, त्या दारात वैशाली उभी असते. मग मी पुन्हा आत येतो. भेकड आहे मी, दुसरं काय?

मागच्या उन्हाळ्यात ती परळीच्या बाजारात भेटली. आता शाळेत शिकवते. सोबत नवरा होता. तिनं वाकून नमस्कार केला आणि त्याला म्हणाली, “हेच आमचे सर. यांच्यामुळं मला वेळेत कळलं, मला असलं बारीक काम जमत न्हाई.”

मी हसलो. “असू दे,” म्हणालो.

तिचं काम बरोबर होतं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. तिला अजून सांगितलेलं नाही.