खाडीकडे तोंड करून

माझी बायको डहाणूच्या बाजारात मासळी विकायची. मराठी, गुजराती, हिंदी, समोर जसं गिऱ्हाईक येईल तशी भाषा. आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाचा माणूस वळून बघायचा. घरीही ती तशीच बोलायची. मी बोटीवरचं इंजिन सांभाळायचो, कानांवर त्याचा परिणाम झालेलाच होता, त्यामुळे मला तो आवाज बरा वाटायचा.

मग मला तिचं बोलणं नीट ऐकू येईना. मला वाटलं, कान पुरतेच गेले. तिला सोबत घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कान तपासले, मग तिच्याशी दोन शब्द बोलले आणि मला म्हणाले, "काका, तुमचे कान होते तसेच आहेत. मावशींचा आवाज बसलाय. हात कधीपासून थरथरतो?"

मासे कापताना सुरी घसरायची, ते आम्ही वयावर ढकललं होतं. तो कंपवात निघाला.

व्यायाम शिकवायला इस्पितळात एक तरुण मुलगी होती. पोटात हवा भरून घ्यायची आणि सोडताना मोठ्याने, लांबवर "आ" म्हणायचं. चालताना पाऊल उचलून लांब टाकायचं. उंबऱ्यापाशी हिचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, म्हणून मी तिथे खडूने आडव्या रेघा मारल्या. रेघ दिसली की पाऊल सुटायचं.

"आ" मात्र ती घरात म्हणेना. "शेजारणी हसतात," म्हणाली. मग सकाळी मी तिला धाकट्या डहाणूच्या बंदरावर न्यायला लागलो. खाडीकडे तोंड करून आम्ही दोघेही ओरडायचो. सुरुवातीला तिचा "आ" अर्ध्यातच विरायचा. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा तिने असा आवाज काढला, की आत येणाऱ्या होडीवरच्या खलाशांनी हात वर केला. त्यांना वाटलं, कुणी हाक मारतंय. ती खूप हसली. मला वाटलं, जमलं. या आजाराला आपण मागे टाकू.

पावसात बंदरावर जाणं थांबलं. एके दुपारी पेज पिताना तिला ठसका लागला, ताप चढला, छातीत कफ भरला. इस्पितळातून आणली तेव्हा श्वास वरच्यावर होता. ती मुलगी घरी येऊन बघून गेली. पायऱ्या उतरताना मला म्हणाली, "काका, आता आवाजाच्या मागे नका लागू. श्वास तेवढा खोल घ्यायला लावा. कफ साठू देऊ नका."

"आवाज परत येईल ना?"

"सांगता येत नाही," म्हणाली, आणि चपला घालायला खाली वाकली.

तरी मी रोज बायकोसमोर बसायचो. मी छाती भरून श्वास घ्यायचो, ती माझ्याकडे बघत राहायची. खांदे थोडे वर जायचे, बस. माझाच श्वास खोलीभर ऐकू यायचा, आणि त्याची मला लाज वाटायची.

परवा तिने बसल्या बसल्या मान हलवली.

"आज नको?" मी विचारलं.

ओठ हलले. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"उद्यापण नको," ती म्हणाली.

मी तिच्या पाठीमागची उशी नीट केली. काल बसलो नाही. आजही नाही.